सतरा नंबरची नोंद

त्या दिवशी वॉर्डात अडतीस पेशंट होते आणि नर्स दोनच. तिसरीने आठवड्यापूर्वी नोकरी सोडली होती, चौथी तापाने घरी होती. दोघींतल्या मोठ्या सिस्टरना अशा दिवसांची सवय होती. सव्वीस वर्षं त्या हेच करत आल्या होत्या. दुसरीला मात्र नोकरीत जेमतेम सात महिने झाले होते. बारीक अंगकाठी, तुरुतुरु चालणं. सगळे तिला चिमणीच म्हणत.

कागदी तक्ते जाऊन वॉर्डात टॅब आले होते. ऑपरेशन झालेल्यांची नाडी, ब्लड प्रेशर दर दोन तासांनी त्यात भरायचं. वेळ टळली की त्या खाटेचा चौकोन लाल व्हायचा, आणि पाच मिनिटांत मेट्रनबाईंचा फोन यायचा.

बारा वाजता सहा चौकोन लाल होते. चिमणी एका म्हाताऱ्या बाईंची उलटी आवरत होती.

"ताई, माझ्याने होत नाहीये," ती रडकुंडीला येऊन म्हणाली.

"मग मागचे आकडे बघ आणि जवळपासचे टाकून दे," मोठ्या सिस्टर सलाईन लावता लावता म्हणाल्या. "नंतर बघू."

चिमणीने टाकले. सतरा नंबरचेही टाकले. तिथे एक निवृत्त बसचालक होते, दोन दिवसांपूर्वी आतड्याचं ऑपरेशन झालेले. त्यांची बायको मोठ्या सिस्टरना शोधत आली.

"अहो सिस्टर, यांचे हात गार पडलेत. बोलतायत पण काहीतरीच."

"भेटीची वेळ संपली ना, काकू? बाहेर बसा. मी येतेच."

त्या येणारच होत्या. पण वाटेत नऊ नंबरच्या टाक्यांतून रक्त यायला लागलं, आणि त्यात पाऊण तास गेला. सतराकडे पोचल्या तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. डॉक्टर धावत आले, छाती दाबून झाली. दुपारी दोनच्या आत सगळं संपलं.

टॅबमध्ये मात्र बारा वाजताचं ब्लड प्रेशर अगदी उत्तम होतं.

चौथ्या दिवशी मेट्रनबाईंनी मोठ्या सिस्टरना बोलावलं. समोर सहीसाठी एक टाइप केलेला कागद ठेवला. 'नोंद तपासूनच करावी अशी स्पष्ट सूचना मी दिली होती,' असं त्यात होतं.

"नोंद तिच्या नावावर आहे," मेट्रनबाई म्हणाल्या. "तुम्ही कशाला त्यात पडता? दोन वर्षं राहिलीत तुमची निवृत्तीला."

नवराही घरी तेच म्हणाला. "सही कर आणि मोकळी हो. ती तरुण आहे, तिला कुठेही काम मिळेल."

"डाग लागलेल्या नर्सला कोण घेतं?" एवढंच त्या बोलल्या. जेवण गेलं नाही. ताट तसंच झाकून ठेवलं.

चौकशीत त्यांनी सरळ सांगितलं, "खोटे आकडे टाकायला मीच सांगितलं होतं. आणि त्या दिवशी अडतीस पेशंटना आम्ही दोघी होतो, हेही लिहून घ्या."

पहिलं वाक्य लिहून घेतलं गेलं. दुसरं अहवालात कुठेच नव्हतं. चिमणीला कामावरून काढलं. मोठ्या सिस्टरना वॉर्डातून हलवून चादरी-गणवेशांच्या कोठारात बसवलं.

पंधरा दिवसांनी मोठ्या सिस्टर त्या बसचालकाच्या घरी गेल्या. बायकोने दार उघडलं, ओळखलं, पण आत या म्हणाली नाही.

"मला बाहेर का काढलंत?" तिने विचारलं. "मी हात धरून तरी बसले असते."

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. दार हळूच लागलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं, असं त्यांना जिना उतरताना वाटलं.

नंतर काही महिन्यांनी एका विद्यापीठातल्या बाईंनी दोघींना भेटायला बोलावलं. नर्सेस नोकरी का सोडतात यावर त्यांचं संशोधन चाललं होतं. चिमणी आता चष्म्यांच्या दुकानात काम करत होती; तिने एकटीने यायला नकार दिला, म्हणून मोठ्या सिस्टर सोबत गेल्या. दोन तास दोघी बोलल्या. बाईंनी मध्ये एकदाही टोकलं नाही.

शेवटी त्यांनी विचारलं, "तुमची काय अपेक्षा आहे या अभ्यासाकडून?"

"माझी काही नाही," चिमणी म्हणाली. "मला फक्त झोप यायला हवी."

बाईंनी मोठ्या सिस्टरकडे पाहिलं.

"माझं नाव घाला त्यात," त्या म्हणाल्या.

"नियमाने नावं घालता येत नाहीत हो. सगळ्यांनाच एकेक क्रमांक देतो आम्ही."

मोठ्या सिस्टरनी पिशवी उचलून चिमणीच्या पाठीवर हात ठेवला, आणि तिला बस मिळेपर्यंत थांब्यावर तिच्याजवळ उभ्या राहिल्या.