दोघींच्या नावची केबिन

डोळे तपासणं हेच तिचं काम होतं, त्यामुळे स्वतःच्या डोळ्यांचं काय चाललंय हे तिला डॉक्टरांच्या आधी कळलं. चष्म्याच्या दुकानातल्या मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती दिवसभर लोकांकडून अक्षरं वाचून घ्यायची. एका रिकाम्या दुपारी तिने सहज स्वतःचीच तपासणी केली, तर नजरेच्या कडेला चमकणारे ठिपके तिला दिसलेच नाहीत. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, "थेंब चुकवू नका. आहे ते टिकवायचं, गेलेलं परत येत नाही." समोरचं तिला लख्ख दिसायचं. पण डावीकडून कुणी आलं की ते एकदम अंगावर चाल करून आल्यासारखं वाटायचं, आणि ती दचकायची.

डोळे आहेत तोवर एकदा भर समुद्र बघायचा, चारी बाजूंना नुसतं पाणी, असं तिच्या मनाने घेतलं. लग्न केलेलं नव्हतं. राहायची धाकट्या भावाकडे. भावाला होडीत बसलं तरी मळमळायचं आणि वहिनीला शाळेतून रजा मिळत नव्हती. म्हणजे जायचं तर एकटीनेच.

बाजारपेठेतल्या प्रवास कंपनीच्या एजंटने चकचकीत पत्रकं तिच्यापुढे पसरली. आकडे बघून तिला हायसं वाटलं. पण मग त्याने खालच्या बारीक अक्षरांवर पेन टेकवलं.

"हे भाडं माणशी आहे, पण दोघं असतील तर. एकटं माणूस गेलं तरी केबिन पूर्ण अडते ना? म्हणून दुप्पट."

"मी जेवणार एकटी, झोपणार एकटी, आणि पैसे दोघींचे?"

"जहाजवाल्यांना पलंग मोजता येतात हो मॅडम, माणसं नाही." तो स्वतःच्याच विनोदावर हसला. "एकटीला परवडेल अशी आतली केबिन आहे. फक्त खिडकी नाही तिला. दिवा घालवला की मिट्ट काळोख."

म्हणजे ज्या काळोखाची आतापासूनच धास्ती घेतली होती, तोच पैसे मोजून विकत घ्यायचा? तिने मान हलवली.

मग तिला नादच लागला. एका जहाजात एकट्यासाठी वेगळ्या केबिनी होत्या, पण त्या केव्हाच भरलेल्या. दुसरं जहाज एकटीकडून दीडपट घ्यायचं, पण त्याचं मूळ भाडंच चढं. तिसरं हंगाम सरल्यावर सवलत द्यायचं, तेव्हा नेमका समुद्र खवळलेला. दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती फोनवर हेच बघत बसायची. वहिनी म्हणायची, "वन्सं, एवढ्या चौकशीत तुमचं स्वतःचं जहाज बांधून झालं असतं."

एकट्याने फिरणाऱ्या बायकांचा एक गट तिला फोनवर सापडला. तिथे तिने लिहिलं: खिडकीची केबिन, निम्मं भाडं वाटून घ्यायला कुणी आहे का? दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. नाव लिहिलं होतं 'शिंपली'.

शिंपली मोजकं लिहायची, आणि कधीही 'तुम्ही' सोडायची नाही. तिला कुठलीही केबिन चालणार होती, फक्त जहाज कुठल्या बंदरांना लागतं तेवढं तिने आधी विचारून घेतलं. अटी मात्र होत्या. नोंदणी तुम्ही करा. माझा फोटो मागू नका. फोन करू नका. निरोप फक्त सकाळी दहा ते बारा या वेळातच पाठवा, बाकी कधीच नाही. तिचा वाटा एक पार्लरवाली पाकिटात घालून दुकानात देऊन गेली. कोपऱ्यावरच्या पार्लरची ती मालकीण होती, तोंडओळखीची.

नोंदणी झाली. तिला वाटलं, चला, एवढा घोळ सुटला. त्यानंतर शिंपलीचे प्रश्न सुरू झाले.

"जहाज सुटल्यावर मध्येच कुणी चढू शकतं का?"

"प्रवाशांची यादी बाहेरच्या माणसाला मिळते का?"

"केबिनच्या दाराला आतून कडी असते ना?"

तिने ते एजंटला विचारलं. त्याने आधी दात काढले, मग तिच्याकडे जरा निरखून बघितलं. "कडी असते. पण मॅडम, तुमच्याबरोबर येतंय तरी कोण?"

जिचा चेहरा पाहिला नाही, जिचं खरं नाव फक्त नोंदणीच्या कागदावर एकदा लिहिलं, त्या बाईबरोबर ती एका बंद खोलीत आठवडा काढणार होती. पोलीस तिच्या मागावर असले तर? डोकं फिरलेली असली तर? ती झोपेत असताना पलीकडच्या पलंगावर कोण जागं असेल? वहिनीला सांगितलं तेव्हा वहिनीने कपाळाला हात लावला. "आधी तिला समोर बोलवा. तोंड दाखव म्हणावं. नाहीतर पैसे गेले उडत."

त्या संध्याकाळी तिला राहवलं नाही. वेळ पाळायची अट विसरून तिने निरोप पाठवला: "मला भीती वाटतेय. केबिनचा बेत सोडून देऊ या का? निदान एकदा दुकानात येऊन भेटा." खाली दुकानाचं नाव लिहिलं.

शिंपली आली नाही. दोन दिवसांनी एक माणूस आला.

अंगात इस्त्रीचा सदरा, बोलणं मऊ. डोळे तपासायचे आहेत म्हणाला. तिने त्याला आतल्या खोलीत बसवलं, दिवा घालवला, त्याच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली आणि एकेक काच बदलू लागली. दोघांच्या चेहऱ्यांत वीतभर अंतर होतं.

"पहिलं स्पष्ट की दुसरं?"

"दुसरं." थोडं थांबून तो त्याच आवाजात म्हणाला, "केबिनचा बेत सोडलात का मग?"

तिच्या हातातली काच खाली पडली. पायाशी कुठेतरी टिंग वाजलं.

"बायकोच्या फोनवर निरोप होता. पुसायचा राहून गेला असेल बिचारीकडून," तो म्हणाला. "तिचं डोकं ठिकाणावर नसतं हो. काहीबाही ठरवते, मग मला निस्तरावं लागतं. कुठली केबिन? कुठे निघाला होतात दोघी?"

बाहेर दुकानात मालक कुणाशी तरी फ्रेमच्या भावावरून घासाघीस करत होते. तो आवाज गावाबाहेरून यावा इतका लांब वाटला. ओरडावं असं मनात आलं. पण काय म्हणून ओरडणार? त्याने तिला बोटही लावलं नव्हतं. निरोप सकाळी दहा ते बाराच का, दाराला कडी आहे का हे का विचारलं, ते त्या एका क्षणात तिला कळून चुकलं. आणि त्याला इथवर आणलं होतं तिच्याच निरोपाने.

तोंड उघडलं तेव्हा काय बोलणार ते तिचं तिलाच माहीत नव्हतं. तोंडातून भाडं बाहेर पडलं.

"अहो, कसला बेत आणि कसलं काय. जहाजाची सहल होती. एकटीला दुप्पट लावतात, सांगा, हा काय न्याय झाला? एक जहाज दीडपट घेतं, पण त्याचं मूळ भाडं बघाल तर डोळे फिरतील. आतली केबिन घ्यावी तर खिडकी नाही. खिडकीची घ्यावी तर बाल्कनीची जरा वरच्या दरात मिळते म्हणतात, ती भुरळ वेगळी. सवलतीच्या दिवसांत समुद्र खवळलेला. गटावर विचारलं होतं कुणी वाटून घेतंय का. चौघीजणी हो म्हणाल्या, एकीचाही पत्ता नाही. शेवटी सोडून दिलं. परवडतच नाही."

ती बोलतच राहिली. पाच-सहा जहाजांची नावं घेतली, बंदरं घेतली, एकातलं दुसऱ्यात मिसळलं. भाड्यांतली एकही गोष्ट खोटी नव्हती, नोंदणी झाली होती तेवढं फक्त तिने गाळलं. फ्रेमच्या गोल काचांमागून त्याचे डोळे तिच्याकडे बघत होते, मोठे, न हलणारे. हळूहळू त्यांच्यात कंटाळा उतरला.

"बरं," तो म्हणाला. "चष्म्याचं बघा मग. येईनच मी न्यायला."

तो गेल्यावर तिने दिवा लावला आणि खाली वाकून पडलेली काच शोधली.

घरी जाताना ती दर चार पावलांवर थांबून सगळी मान डावीकडे वळवायची. आता त्या बाजूला कुणीही असू शकत होतं. एक सायकलवाला घंटी न वाजवता बाजूने गेला तर ती भिंतीला चिकटून उभी राहिली. जिना चढत होती तेव्हाच फोन वाजला. शिंपलीचा निरोप:

"कुठलं जहाज ठरलं होतं आपलं? मी विसरले. लवकर कळव. तू कुणाला सांगितलं नाहीस ना?"

कळव. तू. शिंपलीने तिला कधीच 'तू' म्हटलं नव्हतं. जिन्यातच बसून तिने उत्तर लिहिलं: "अगं, रद्द केलं ना मी. परवडलं नाही. सांगितलं की तुझ्या मिस्टरांना."

मग ती घरात गेली आणि वहिनीपुढे ढसाढसा रडली.

वहिनी आतापर्यंत या बेताच्या विरुद्ध होती. सगळं ऐकल्यावर तिने गॅस बंद केला, पदर खोचला. "पार्लर सात वाजेपर्यंत उघडं असतं. मी केस कापून येते."

केस खांद्यापर्यंत कापून ती परतली, तेव्हा भाऊ ओळखेनाच. पार्लरवालीने सांगितलं होतं ते असं: त्याने फोन काढून घेतलाय. दाराला बाहेरून कुलूप लावून कामाला जातो. एकदा पोलिसांत गेली होती, त्यांनी दोघांना समोरासमोर बसवून समजूत घातली आणि त्याच्याबरोबरच घरी धाडलं. जहाज लागतं त्या तिसऱ्या बंदरावर तिची बहीण राहते. हे त्याला माहीत नाही. बहिणीला मी कळवते. गच्चीच्या दाराची किल्ली शेजारणीकडे आहे. निघायच्या दिवशी मी तिला धक्क्यावर आणते, तुम्ही फक्त रद्द करू नका.

"वन्सं, जाणार का तुम्ही?" वहिनीने विचारलं. "नाही म्हणालात तरी तुम्हाला कुणी नावं ठेवणार नाही. नाव तिचंही आहे कागदावर. ती एकटीही जाईल."

जावंसं तिला अजिबात वाटत नव्हतं. समुद्र बघायची हौस तर कधीच आटली होती. पण धक्क्यावर ती बाई येईल, आणि तिथे कुणीच नसेल, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना.

"जाते," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला.

मधले दिवस तिने जीव मुठीत धरून काढले. दुकानाचं दार वाजलं की हातातलं काम थांबायचं. तो काही आला नाही. पण न येणंही तितकंच जाचक होतं.

निघायच्या दिवशी भाऊ तिला बंदरापर्यंत सोडायला आला आणि तिने त्याला फाटकावरूनच परत पाठवलं. गर्दी नको होती. भल्यामोठ्या हॉलमध्ये रांगा लागल्या होत्या, पोरं बॅगांवर चढून बसली होती. ती खांबाला पाठ टेकून उभी राहिली, म्हणजे मागून तरी कुणी येणार नाही. इस्त्रीचे सदरे शेकडो होते. प्रत्येकाचा चेहरा ती निरखून बघायची. रांग संपत आली. काउंटरवरच्या मुलीने माईकवरून शेवटची सूचना दिली.

डावीकडून तिच्या कोपराला कुणीतरी धरलं.

ती किंचाळलीच. चार माणसं वळून बघायला लागली.

"मी," एक बारीक बाई कुजबुजली. तिच्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या आणि हातात भाजी आणायची पिशवी. "मी शिंपली. चला ना. तुम्ही चला आधी."

पार्लरवाली दाराशी उभी होती. तिने हात केला नाही, नुसती बघत राहिली. दोघी कागद दाखवून पुढे गेल्या, लांब उताराच्या पुलावरून चालल्या. शिंपलीने तिचा कोपर सोडला नाही. मागे वळून बघायचं धाडस दोघींपैकी एकीलाही झालं नाही. केबिनमध्ये शिरल्यावर शिंपलीने कडी लावली, ओढून बघितली, मग खुर्ची आणून दाराला टेकवली. जहाज हलल्याचं कळलं तरी ती खिडकीकडे फिरकली नाही. भोंगा वाजला तेव्हा मात्र पलंगावर बसली आणि तिचे दात वाजायला लागले. बाहेर चांगलं ऊन होतं.

"त्या दिवशी संध्याकाळी निरोप मी पाठवला," ही म्हणाली. "माझ्यामुळे तो..."

"माहीत आहे," शिंपली म्हणाली. "भीती मलाही तुमचीच वाटत होती. कोण बाई आहे, त्याला सामील असेल का. तुम्ही कोण ते मला तरी कुठे ठाऊक होतं?"

पुढचे दोन दिवस शिंपली केबिनबाहेर पडली नाही. जेवण ही ताटात झाकून आणायची. दारावर टकटक झाली की दोघी श्वास रोखायच्या. झोपेत शिंपली कुणाची तरी माफी मागायची. हिने एकदाच उठून तिच्या अंगावर पांघरूण घातलं, तर तिने झोपेतच दोन्ही हात डोक्यावर घेतले. त्यानंतर हिला झोप आली नाही.

तिसऱ्या बंदरावर दोघी उताराच्या पुलाशी आल्या, तर खाली धक्क्यावर एक जाडजूड बाई कठड्याला ओणवून ओरडत होती. शिंपलीने ते ऐकलं, आणि पहिल्यांदाच ती पळाली, धक्क्याच्या दिशेने. बहिणीने तिला मिठी मारली नाही. दंडाला धरून सरळ गाडीत कोंबलं आणि आत बसून दार लावून घेतलं. गाडी वळेपर्यंत ही उताराच्या पुलाशी उभी होती. मग मान पूर्ण वळवून तिने दोन्ही बाजू नीट बघितल्या आणि वर आली.

संध्याकाळी केबिन झाडायला एक पोक्त कर्मचारी आला. "दुसऱ्या मॅडम?"

"उतरल्या."

"परत येतील ना जहाज सुटायच्या आत?"

"नाही येणार."

त्याने मान डोलावली, दुसरा टॉवेल आणि दुसरा पेला उचलला, आणि जाताना विचारलं की दार लोटून घेऊ का. ती जरा घुटमळली. मग म्हणाली, "असू दे उघडंच थोडा वेळ."