आधी जुनं चलान

मला प्लांटवर खडूस म्हणतात. म्हणोत बापडे. भिलाईजवळ हथखोजच्या काँक्रीट प्लांटमध्ये डिस्पॅचच्या खिडकीत बसायचं म्हणजे गोड बोलून भागत नाही. खिडकीपलीकडे ड्रायव्हर ओरडत असतात, फोनवर साइटवाले ओरडत असतात आणि गाडीत भरलेला माल कुणाच्या ओरडण्यासाठी थांबत नाही. तो आपला घट्ट होत जातो.

गाडी भरली की मी चलान छापते. माल किती, कोणत्या ताकदीचा, कुठे न्यायचा, सगळं त्या एका कागदावर. ड्रायव्हर त्याच कागदावर चालतो. साइटवर चलानावर सही झाली तरच माल उतरतो. सही नाही तर घमेलंभरही नाही. मध्येच ऑर्डर बदलली तर कॉम्प्युटरवर बदल करायचा आणि चलान पुन्हा छापायचं. इथे माझा एक नियम आहे. जुनं चलान आधी माझ्या हातात द्यायचं, मी ते फाडणार, मगच नवं मिळेल. एका गाडीत दोन चलानं म्हणजे घरात दोन सासवा.

ड्रायव्हर यावरून मला फार छळतात. "ताई, जुनी बायको आणून देतो, नवी छापून देता काय?" असं एकदा कमलेश म्हणाला होता.

"आण ना," मी म्हटलं. "तिलेच विचारते, तुले नवा नवरा पायजे काय म्हणून."

आठवडाभर पोरं त्यालाच चिडवत होती. कमलेश गोंदियाकडचा. बाप शेती सोडून भिलाईला आला, बीएसपीत, म्हणजे इथल्या पोलाद कारखान्यात, ठेकेदाराकडे खपला. कमलेश आमच्या प्लांटवर पहिल्यापासून मिक्सर गाडी चालवतो. त्याची मोठी मुलगी मोना, तिचं लग्न ठरत आलं होतं आणि तो जो दिसेल त्याला ते सांगत सुटला होता.

दिवाळीनंतर आमच्याकडे नवे मॅनेजर आले, अभिनव. सेक्टर दहामधल्या श्यामराव साहेबांचा मुलगा. मराठी मंडळाच्या गणपतीत स्टेजवर इंग्रजी भाषण करायचा तेव्हापासून मी त्याला पाहते आहे. मुलगा हुशार आहे, ते नाकारत नाही. नवं सॉफ्टवेअर त्यानंच आणलं आणि ते चांगलं आहे, तेही नाकारत नाही. पण त्याला वाटतं, स्क्रीनवर बदललं की रस्त्यावरही बदललं. त्यानं आणखी एक नियम काढला: ड्रायव्हरांनी फोन गेटवरच्या टोपलीत ठेवून जायचं. गाडी चालवताना बोलतात म्हणून. नियम वाईट नाही. फक्त एकदा गेट ओलांडलं की ड्रायव्हरला गाठायला देवच उरतो.

मे महिन्यातली गोष्ट. सकाळी मी कमलेशच्या गाडीचं चलान छापलं, जुनवानीच्या एका घराच्या पायासाठी. मग वजनकाट्यावर वाळूवाल्याची कटकट चालली होती तिकडे गेले. परत आले तर प्रिंटरमध्ये एक चलान पडलेलं. कमलेशची गाडी, तोच नंबर, पण पत्ता चरोद्याचा.

"हे कोणी छापलं?"

"मीच," अभिनव सर आत येत म्हणाले. "चरोद्याची पार्टी बड़ी है, दीदी. ते सकाळपासून पेटलेत. जुनवानीला मी फोन करून सांगितलं, तुमचं उद्या. ऑर्डर चेंज करून टाकली."

"अन् कमलेश?"

"सिस्टीममध्ये चेंज झालंय ना."

"सर, सिस्टीम काय गाडीत बसून गेली? तो तं गेटाबाहेर गेला. त्याचा फोन टोपलीत हाय."

त्यांचा चेहरा क्षणभर उतरला. मग म्हणाले, बघतो मी. आणि त्यांनी ते असं बघितलं: कमलेश जुनवानीला पोचला. तिथल्या मुनशीनं, म्हणजे साइटच्या कारकुनानं, सांगितलं, आमचं तर कॅन्सल झालं, आम्ही सही करणार नाही. कमलेशनं मुनशीच्याच फोनवरून प्लांटला फोन केला. फोन सरांनी घेतला आणि "वहीं रुको, मैं बताता हूँ" म्हणून ठेवून दिला. मग ते दोन्ही पार्ट्यांची समजूत काढत बसले. इकडे जुनवानीवाल्याला आग्रह, तिकडे चरोद्यावाल्याला वायदे. मी तीनदा म्हटलं, मुनशीच्या फोनवर सांगून गाडी परत बोलवा, माल मोकळ्या जागेत ओतू द्या. दर वेळी म्हणाले, दोन मिनिट. कमलेश उन्हात ड्रम फिरवत उभा राहिला. गाडी शेवटी परत आली तेव्हा ड्रम फिरताना आतून दगड लोळल्यासारखा आवाज येत होता. अर्धा माल ड्रमच्या भिंतींना धरून बसला होता.

हे सगळं प्लांटवर सगळ्यांना माहीत होतं. गेटवरच्या चौकीदारालासुद्धा. यात कुठे गुपित म्हणून नव्हतं.

जेवणानंतर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर ते चरोद्याचं चलान. त्यावर चलान दिल्याची सही डिस्पॅचची लागते, म्हणजे माझी. सॉफ्टवेअरची एक खोड आहे: ऑर्डर बदलून चलान पुन्हा छापलं तरी वर वेळ पहिलीच येते. त्यामुळे त्या कागदाकडे पाहून कुणालाही वाटावं, कमलेश सकाळी चरोद्याचंच चलान घेऊन निघाला आणि आपल्या मनानं जुनवानीला गेला.

"सेठजी संध्याकाळी रायपूरहून येतायत, वाया गेलेल्या मालाचा हिशेब मागतील. सिर्फ एक साइन, दीदी."

"कशाची?"

"फॉर्मॅलिटी आहे."

"कमलेशले हे चलान मी दिलं, असं लिहू?"

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. "हे बघा, मी समोर आलो तर प्रकरण मोठं होईल. ड्रायव्हर की लापरवाही लिहिलं तर छोट्यात मिटतं. आणि आपण आपली मराठी माणसं, दीदी. एकमेकांना सांभाळून नाही घ्यायचं?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "मंग कमलेश कोण हाय? पंजाबी?"

"तसं नाही..."

"तसंच हाय. तो ड्रायव्हर हाय म्हणून तुमाले तो मराठी दिसून नाही राहिला. मी सही करत नाही."

"दीदी, नोकरीचा विचार करा."

"केला," मी म्हटलं आणि बाहेर आले. खरं सांगते, घाबरले होते. माझा नवरा घरी बसून आहे, मुलगा पॉलिटेक्निकला आहे, आणि हथखोजमध्ये माझ्या वयाच्या बाईला कुणी हार घेऊन नोकरी द्यायला उभं नाही. पण रागही एवढा आला होता की भीतीला बसायला जागा उरली नव्हती.

खिडकीत बसले आणि कॉम्प्युटर उघडला. कमलेशच्या गाडीची ऑर्डर काढली. ऑर्डरीत काहीही बदल केला, साधं साइटवाल्याचं नाव जरी नीट केलं, तरी सॉफ्टवेअर कारण विचारतं. कारणाचा रकाना रिकामा ठेवून पुढे जाता येत नाही. म्हणून प्लांटवर सगळे तिथे एक टिंब टाकतात. सरांनीही सकाळी टिंबच टाकलं होतं. सॉफ्टवेअर आल्यापासून आम्ही सगळे टिंबंच टाकत आलो, मीसुद्धा.

मी साइटवाल्याच्या नावातलं एक अक्षर नीट केलं. कारण विचारलं. प्लांटवर सगळ्यांना वाचता यावं म्हणून हिंदीत लिहिलं: "गाड़ी निकलने के बाद मैनेजर साहब ने ऑर्डर बदला। ड्राइवर कमलेश को नया चलान नहीं मिला। दामिनी, डिस्पैच।" ओके केलं आणि छापलं. चलानाच्या तळाशी, सरांच्या सकाळच्या टिंबाखाली, ते वाक्य ठळक आलं.

तो कागद नेऊन सरांच्या टेबलावर ठेवला. "घ्या. याच्यावर करते सही."

त्यांनी वाचलं आणि कान लाल झाले. मला ढकलल्यासारखं बाजूला करून ते बाहेर आले, खिडकीत माझ्याच खुर्चीत बसले, ऑर्डर उघडली आणि पुन्हा छापायची आज्ञा दिली. प्रिंटरनं कागद सोडला. तळाशी माझं वाक्य. त्यांनी पत्ता बदलून जुनवानी केला, कारणात टिंब टाकलं, छापलं. तळाशी माझं वाक्य आणि खाली टिंब. परत चरोदा केला. माझं वाक्य, खाली दोन टिंबं. सॉफ्टवेअर कारणं पुसत नाही. एकाखाली एक ठेवतं. त्यांनीच आणलेलं, म्हटलं ना, चांगलं सॉफ्टवेअर आहे.

खिडकीपलीकडून तीन-चार ड्रायव्हर हे पाहत होते. एक जण हसला तसे सर ताडकन उठले.

"काही उपयोग नाही या तमाशाचा," ते म्हणाले. "कमलेशनं चूक मान्य केलीय. लिहून देणार आहे. तो ड्रममध्ये उतरलाय साफ करायला. त्याला पटलं, तुम्हाला काय प्रॉब्लेम आहे?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं तशी मी पळाले.

घट्ट झालेला ड्रम फोडायचा तर माणूस तोंडातून आत उतरतो आणि छन्नी-हातोड्यानं थर सोडवतो. एरवी हे काम दोघं-तिघं आलटून पालटून करतात, थंड वेळी, एक जण बाहेर लक्ष ठेवून. मे महिन्याच्या दुपारी एकट्याला कुणी आत घालत नाही. गाडी शेडच्या मागे उन्हात उभी होती. आतून ठक ठक येत होती. बाहेर कुणीही नव्हतं. गाडीच्या केबिनचं दार उघडून पाहिलं तर चावी लागलेलीच. कुणी शहाण्यानं गाडी हलवायला म्हणून ती फिरवली असती तर आतल्या कमलेशचं काय झालं असतं, ते मी सांगत नाही. चावी काढून मुठीत घेतली.

ड्रमवर चावीनंच जोरात वाजवलं. "कमलेश! बाहेर ये!"

ठक ठक थांबली. "ताई? जाऊ द्या. होऊन जाईन."

"बाहेर ये म्हणते ना!"

"साहेबानं सांगतलं, चूक कबूल कर, ड्रम साफ कर, तं नोकरी राहीन. नाही तं सगळ्या प्लांटवाल्याइले फोन करतो म्हणे." आवाज आतून घुमत येत होता, थकलेला. "मोनाचं लगन हाय. पाहुणे प्लांटवर येऊन विचारतीन, तं काय सांगू?"

"अन् आता काय सांगशीन?" मी ओरडलेच. "पाहुणे पुसतीन, पोरीचा बाप काय करते? तं सांगजो, साहेबाची चूक डोक्यावर घेऊन ड्रममंदी बसते!"

मागे पावलं ऐकू आली. अभिनव सर आले होते आणि त्यांच्यामागून ड्रायव्हर. कुणी बोलावलं नव्हतं, तरी सगळेच आले होते. भरायला उभ्या असलेल्या गाड्या त्यांनी तशाच सोडल्या होत्या. ऑफिसातला फोन किंचाळत होता. कुठल्या तरी साइटवाल्याचा असणार.

"फोन कोण घेणार?" सर म्हणाले.

कुणी हललं नाही. मीही नाही.

"दीदी, चावी द्या."

"नाही देत."

"मी तुम्हाला आत्ता, या क्षणी काढू शकतो."

"काढा ना. पण चावी नाही देत. तो बाहेर येईपर्यंत मी इथून हलत नाही, अन् ही गाडीबी हलत नाही."

ते पुढे आले. मी मूठ पाठीमागे नेली. शाळेतल्या पोरींसारखं ते दिसलं असेल, पण त्या वेळी मला लाज वाटली नाही. मागे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "कमलेश, मी सही नाही केली. माहीत हाय तुले? नाही केली अन् करणारबी नाही. उद्या मी असो का नसो. पण तू सोताच कबूल करशीन तं मायी सही काय कामाची?"

मग आत हातोडा खाली पडल्याचा आवाज आला. ड्रमच्या तोंडाशी आधी एक हात दिसला, मग डोकं. केस, भुवया, मिशी, सगळं सिमेंटनं पांढरं आणि त्यातून घामाच्या रेघा. दोन ड्रायव्हरांनी वर चढून त्याला काखेत धरलं आणि शिडीवरून उतरवलं. कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. तो अर्धी प्यायला, अर्धी डोक्यावर ओतली.

मग तो अभिनव सरांपुढे जाऊन उभा राहिला. एरवी साहेबांशी बोलताना तो जमिनीकडे पाहायचा. त्याच्या हातात अजून छन्नी होती. ती त्यानं वाकून सरांच्या बुटाजवळ ठेवली.

"साहेब," तो म्हणाला, "चूक मायी नाही."

सर काहीतरी बोलू लागले. कमलेशनं त्यांना बोलू दिलं नाही.

"मी लिहून देत नाही. सेठ आले का त्याइच्या तोंडावर सांगतो, चूक मायी नाही."

पुन्हा एकदा म्हणाला, या वेळी आमच्या सगळ्यांकडे बघून, मोठ्यानं. जसं काही त्याला स्वतःलाच ते ऐकायचं होतं.