पांढरा पट्टा

दिगंबरांनी चिमट्याने चिकटपट्टीचं टोक पकडलं आणि श्वास रोखून ती गाडीवरून हळूहळू सोलून काढली. तळहातावर मावेल एवढी लाल गाडी, शर्यतीची. नाकापासून शेपटीपर्यंत पांढरा पट्टा.

"बघ गं. सरळ आलाय का?"

सुहासिनी वाकली. चालकाच्या जागेपाशी पट्टा चक्क उजवीकडे कलला होता. चिकटपट्टीखालून झिरपलेल्या पांढऱ्या रंगाचे ओघळ लालवर पसरले होते. दिगंबरांच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. जिथे बघायचं, नेमकं तिथेच त्यांना धुकं दिसे. डॉक्टर सोडले तर हे फक्त त्या दोघांनाच ठाऊक होतं.

"अगदी सरळ," ती म्हणाली.

"नक्की? तुला तुझ्या पोळ्याही गोल वाटतात."

ती हसली. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत तिने त्यांच्या नकळत एक छोटी निळी गाडी रंगवली होती. त्यांनी ती पाहुण्यांसमोर उचलून निरखली, रंग उतरवायच्या थिनरच्या वाटीत बुडवली, बोळ्याने खसाखसा पुसली आणि म्हणाले, "आता बरी दिसते." पाहुणे पोट धरून हसले. हातात चहाचा ट्रे घेऊन तीही हसली होती. त्यानंतर ब्रश तिच्या हाती आले ते फक्त धुवायला.

"मग चकाकीचा हात देऊन टाकू?"

"द्या की. आता थांबायचं कशाला?"

अशा छोट्या गाड्यांचं वार्षिक प्रदर्शन कर्वेनगरला, एका कॉलेजच्या हॉलमध्ये होतं. नारायण पेठेतून तिथवर रिक्षात दिगंबर खोकं मांडीवर धरून बसले होते. एकेकाळी त्यांचा या प्रदर्शनात दरारा होता. पोरांनी महिनोन्‌महिने खपून केलेल्या गाडीवर ते वरवर गोड असं एकच वाक्य बोलत आणि पोराचं तोंड उतरे. आता आयोजक सगळे नवे होते.

दारातच कुणी जुना ओळखीचा भेटला, म्हणून दिगंबर थांबले. खोकं घेऊन सुहासिनी पुढे गेली. टेबलापाशी हेमा नावाची कॉलेजातली मुलगी नोंदणी करत होती. तिने झाकण उघडलं, गाडी पाहिली आणि गोड हसली.

"नातवाने केलीय का, काकू?"

सुहासिनीने मागे वळून पाहिलं. दिगंबर मान मागे टाकून मोठ्याने बोलत होते.

"हो," ती म्हणाली.

हेमाने गाडी भिंतीकडच्या बुटक्या टेबलावर नेऊन ठेवली. वर रंगीत खडूने लिहिलेला फलक होता: बालगट.

"जागा कुठली दिली?" मागून येऊन तिच्या खांद्यावर हात ठेवत दिगंबरांनी विचारलं.

"भिंतीकडची. गर्दीपासून लांब, म्हणजे शांतपणे बघता येईल."

"समजतं म्हणायचं यांना," ते म्हणाले आणि गाडीमागे ताठ उभे राहिले.

थोड्या वेळाने परीक्षक आले. मध्यमवयीन, थकलेले, घाईत. वाकून त्यांनी गाडी पाहिली.

"वा! कुणाची ही?"

"माझी," दिगंबर म्हणाले.

परीक्षक सरळ उभे राहिले. त्यांनी फलकाकडे पाहिलं, दिगंबरांच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, मग सुहासिनीकडे. ती शेजारच्या पिवळ्या गाडीची चाकं बघत होती.

"छान हं, आजोबा," परीक्षक म्हणाले. "खूपच छान जमलीय. असंच करत राहा."

आणि दिगंबरांच्या दंडावर हलकेच थोपटून ते पुढे गेले.

दिगंबर हलले नाहीत. हा सूर त्यांना परका नव्हता. जन्मभर त्यांनीच तो वापरला होता. बऱ्याच वेळाने त्यांनी हात पुढे केला. स्वतः रंगवलेल्या गाडीवर त्यांनी आजवर कधी बोट टेकवलं नव्हतं. आता त्यांचा अंगठा नाकापासून निघाला आणि पट्ट्याच्या उंचावलेल्या कडेने मागे सरकत चालकाच्या जागेपाशी येऊन थांबला. पुन्हा नाकापाशी गेला. पुन्हा तिथेच थांबला.

"सुहासिनी," दुसरा हात तिच्या खांद्यावर ठेवत ते अगदी हळू म्हणाले.

"मी रिक्षा बघते," ती म्हणाली, आणि त्यांचा हात खांद्यावरून काढून दाराकडे चालू लागली.