माझी न झिजलेली चाकं

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा शेजारी पाय अधू झालेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर माझ्या जातीचं कुणीतरी तुम्ही नक्की पाहिलं असेल. मी एक जुना वॉकर आहे. दोन्ही हातांनी धरायचं, पुढे सरकवायचं आणि त्याच्या आधाराने चालायचं, एवढंच आमचं काम. पण मी असातसा वॉकर नाही हं! एका कंपनीचा पहिलावहिला वॉकर आहे मी. खरं सांगायचं तर आधी मी आलो आणि कंपनी माझ्यामागून आली.

मला बनवणाऱ्याला घरात सगळे धाकटा म्हणायचे. तो इंजिनिअर होता, चांगली नोकरी होती. एक दिवस त्याची आई बाथरूममध्ये पाय घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. पुढे हाड जुळलं, पण पायांवरचा भरवसा गेला तो गेलाच. दुकानातून आणलेला वॉकर पावलापावलाला उचलून पुढे ठेवावा लागे, आणि आईची बोटं तर संधिवाताने वाकडी झालेली. तिची ती ओढाताण पाहून धाकटा म्हणाला, "थांब, मीच तुला एक चांगला करून देतो."

आई म्हणाली, "कर बाबा. लहानपणी घरातली सगळी घड्याळं उघडून बंद पाडलीस, आता हे कर."

घरामागच्या खोलीत माझा जन्म झाला. जुन्या सायकलीच्या मुठी, हलके पाइप, पुढे दोन चाकं आणि पोटात एक स्प्रिंग. नुसतं ढकललं की चाकं फिरतात, अंगाचा भार टाकला की जागच्या जागी थांबतात. आईची उंची, तिचं कोपर, तिचा पंजा, सगळ्याची मापं त्याने घेतली. शिंपीसुद्धा एवढी मापं घेत नसेल. मग त्याने मला हॉलमध्ये आणलं, आई खिडकीपासून सोफ्यापर्यंत चालली आणि म्हणाली, "झकास आहे रे!"

त्या एका शब्दावर धाकट्याने नोकरी सोडली.

त्याच्या सोबतीला कॉलेजातला एक मित्र आला. त्याला सगळे शंकासुर म्हणत, कारण कुठल्याही गोष्टीत त्याचं "पण" असायचंच. दोघांनी एक गाळा भाड्याने घेतला, चार कामगार ठेवले आणि माझ्यासारखे वॉकर बनवायला लागले. त्यांचा एक नियम होता. वॉकरमध्ये काहीही बदल केला की तो आधी आईकडे यायचा. आई हॉलमध्ये चालणार, "झकास" म्हणणार, मगच गाळ्यात पुढचं काम. धाकट्याला हरभऱ्याच्या झाडावर चढवायला तेवढं पुरायचं.

आता घरात काय चालायचं ते ऐका. सकाळी धाकट्याची स्कूटर कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी झाली की माझ्या अंगावर ओले टॉवेल पडायचे. मग मोजे, मग उशांचे अभ्रे. आणि आई? ती भिंतीला धरून घरभर फिरायची. मला फार राग यायचा. पण तिचा तरी काय दोष? मी बाथरूमच्या दारातून आत जातच नव्हतो. दार अरुंद आणि मी रुंद. पहिल्या दिवशी तिने मला आडवा, तिरपा, उलटा करून पाहिलं आणि शेवटी बाहेरच ठेवलं. जिथे ती पडली होती, नेमकी तिथेच ती नुसत्या बेसिनच्या आधाराने जायची. धाकट्याने आईची सगळी मापं घेतली होती हो, पण दाराचं माप घ्यायचं त्याला सुचलंच नाही. संध्याकाळी स्कूटरचा आवाज आला की आई घाईघाईने माझ्यावरचे कपडे काढायची आणि मला धरून हसतमुखाने उभी राहायची.

इकडे कंपनीचं नाव होऊ लागलं. वर्तमानपत्रात फोटो आला, कुठलंसं बक्षीस मिळालं. लोक वॉकर विकत घेत होते, घेणारे बहुतेक म्हाताऱ्यांची मुलंच. वर्षभराने तपासणीसाठी काही वॉकर गाळ्यात परत आले. तेव्हा माझीही स्प्रिंग बदलायची होती, म्हणून मीही तिथेच होतो.

शंकासुर एकेक चाक हातात घेऊन बघत होता. "अरे, ही चाकं झिजलीच नाहीत."

"मग? माल किती टिकाऊ आहे बघ आपला!" धाकटा म्हणाला.

"पण घासल्याची एक रेघसुद्धा नाही रे. लोक वापरतात ना नक्की?"

"तू मिठाचा खडा टाकल्याशिवाय राहणार नाहीस ना? माझी आई रोज वापरते."

आपला तो बाब्या म्हणतात ना, तसं झालं होतं त्याचं. माझीही चाकं कोरी करकरीत होती आणि मी त्याच्या समोरच उभा होतो.

मग एका मोठ्या हॉस्पिटलने घरी सोडताना प्रत्येक म्हाताऱ्या पेशंटला आमचा वॉकर द्यायचं ठरवलं. कंपनीचं सोनं होणार होतं. सही दुसऱ्या दिवशी होती. पहिला वॉकर म्हणून मला तिथे दाखवायला न्यायचं ठरलं, आणि मला घ्यायला शंकासुर भर दुपारी न सांगता घरी आला.

दार नुसतं लोटलेलं होतं. आत मी टॉवेलांखाली उभा, आणि आई बाथरूममधून भिंतीला धरून बाहेर येत होती. तिचा पाय किंचित सटकला. शंकासुराने धावत जाऊन तिला धरलं.

"काकू! अहो, हे काय? आणि वॉकर?"

आई खुर्चीत बसली. "त्याला सांगू नकोस हं. नोकरी सोडलीये रे त्याने ह्याच्यापायी. मीच नावं ठेवली तर त्याने कुणाच्या तोंडाकडे बघायचं?"

शंकासुर म्हणाला, "काकू, उद्या हे वॉकर कितीतरी घरांत जातील. तिथल्या म्हाताऱ्या बायकाही ते बाथरूमच्या दारात सोडूनच आत जातील ना? मी सांगितलं तर तो म्हणेल, ह्याला सवयच आहे. तुम्हीच सांगा त्याला."

संध्याकाळी धाकटा आला. आईने माझ्यावरचे कपडे आधी काढून ठेवले नव्हते. त्याच्यासमोर एकेक टॉवेल उचलून बाजूला ठेवला, मला धरलं आणि सरळ बाथरूमकडे निघाली. खाड्! मी चौकटीत अडकलो.

"आता पुढे कशी जाऊ, सांग," आई म्हणाली.

धाकट्याने मला ओढलं, फिरवलं, तिरपं केलं. मग त्याचे हातच थांबले. "आई, इतके दिवस तू झकास म्हणत होतीस!"

"तू विचारायचास तेव्हा मी तुझं तोंड बघायचे रे. वॉकर कुठे बघायचे?"

तो त्या दिवशी जेवला नाही. आईवर चिडला, शंकासुरावर चिडला, मलाही एक लाथ बसली. पण सकाळी हॉस्पिटलला जाऊन त्याने स्पष्ट सांगितलं, "आमचा वॉकर अजून तयार नाही." ते काम गेलं ते गेलंच. दोन कामगार सोडून गेले. नातेवाईक म्हणाले, हातातोंडाशी आलेला घास ह्याने स्वतःच्या हाताने फेकला.

त्यानंतर धाकटा वॉकर घेतलेल्या घरी जायचा आणि "कसा आहे?" हा प्रश्न चुकूनही विचारायचा नाही. नुसता बसून राहायचा. कुठे वॉकरला पिशव्या टांगलेल्या, कुठे त्याच्यावर मांजर झोपलेलं. आजीआजोबा उठले की तो मागेमागे जायचा, दारांची मापं घ्यायचा. घोडं कुठे पेंड खातं ते त्याला तिथे कळलं. हळूहळू नवा वॉकर तयार झाला. तो अंगाने अरुंद, दारात आणखी मिटणारा आणि ओल्या फरशीवरही न सरकणारा होता.

तो वॉकर घरी आणला तेव्हा धाकट्याने आईला काहीच विचारलं नाही. आई दोन दिवस त्याच्या आधाराने फिरली आणि म्हणाली, "ह्याच्या मुठी टोचतात मेल्या." धाकटा इतका खूश झाला की आईलाच कळेना, ह्याचं डोकं फिरलं की काय! मुठी बदलल्या. एका सकाळी आई नवा वॉकर घेऊन बाथरूममध्ये गेली, दार लावलं आणि आतून कडी घातली. पडलेच तर कुणी धावून यावं म्हणून तिने इतके दिवस दार नुसतं लोटून ठेवलं होतं. धाकटा बाहेर उभा होता. आतून आवाज आला, "तू जा रे कामाला. मी कुठे पळून जात नाही." तो गेला, पण जाताना बाहीने डोळे पुसत गेला.

गाळ्याचा आता कारखाना झालाय, मी तिथेच असतो. कामाला लागणाऱ्या नव्या माणसाला पहिल्या दिवशी मला धरून बाथरूममध्ये जायला लावतात. बहुतेक जण अडकतात आणि तरी "छान आहे सर" म्हणतात. परवा एका मुलीने मात्र विचारलं, "सर, हा कुठल्या गाढवाने बनवलाय?" धाकटा स्वतःकडे बोट दाखवून म्हणाला, "ह्या गाढवाने," आणि तिला चहा पाजला.

मित्रांनो, मला आता रंग नको की तेल नको. एवढंच करा. घरातलं म्हातारं माणूस चालतं तेव्हा दोन मिनिटं त्याच्या मागून चाला. चपला घालता घालता "बरी आहेस ना?" असं विचारू नका. त्या प्रश्नाला आई "हो"च म्हणते.