जोडीचा फोटो

शामलाच्या खात्यात कुणी निवृत्तीला आलं, की रामदासपेठेत मधुकररावांच्या घरी सल्ल्याला जायचा रिवाजच पडला होता. स्वतः निवृत्त होऊन जमाना झाला, तरी या गृहस्थांची सल्ले द्यायची हौस काही फिटली नव्हती. शामला गेली ती एकच गोष्ट विचारायला. आपल्यामागं पेन्शन धाकट्या कौसल्याला मिळेल ना? नवरा चंद्रपूरला दुसरं बिऱ्हाड थाटून बसला, तेव्हापासून ही बिनलग्नाची बहीण तिच्याजवळ होती. रोजचा डबा, आजारपणं, सगळं कौसल्यानंच निभावलं. तिला स्वतःची अशी दमडीची मिळकत नव्हती.

"बहीण बसत नाही नियमात," मधुकरराव पानाचा डबा उघडत म्हणाले. "तुमच्यामागं पेन्शन नवऱ्याले. कागदावर चंपतराव अजून तुमचा नवराच आहे न?"

"वीस वर्षांत तोंड नाही दाखवलं त्यानं, भाऊ!"

"त्यानं काय होते? घटस्फोट घ्यायले पाहिजे होता तुम्ही."

शामलाच्या अंगाची लाही लाही झाली. वीस वर्षांपूर्वी ती याच खोलीत वकिलाचा पत्ता मागायला आली होती. तेव्हा याच माणसानं तिला वडीलकीच्या थाटात समजावलं होतं, की कोर्टाची पायरी काहून चढता, बाईमाणसाच्या मागं नवऱ्याचं नाव असलेलं बरं. आणि तिनं ते मुकाट्यानं ऐकलं होतं.

"तुम्हीच नको म्हटलं होतं," ती म्हणाली.

"मी?" मधुकररावांना खरंच आठवत नव्हतं. दुसऱ्याच्या जन्माचं वाटोळं करणाऱ्यांची झोप कधी उडत नाही. "आता कोर्टात जाल तर तो काहून सही देईन? ते नंतर पाहा. आधी पेन्शनच्या कागदाले नवरा-बायकोचा जोडीचा फोटो लावा. वेगवेगळे लावता येतात, पण मंग खुलासे देत बसा. तुमचीच पेन्शन लटकन."

पेन्शन लटकली तर दोघींनी खायचं काय? शामलानं नवऱ्याला फोन लावला. लग्नाच्या मांडवातसुद्धा उशिरा आलेला चंपतराव सदर भागातल्या फोटो स्टुडिओत तिच्याआधी हजर होता. केस काळे केलेले, सदऱ्याला कडक इस्त्री. त्यानं पेन्शनची सगळी चौकशी आधीच करून ठेवलीय, हे त्याच्या तोंडावरच दिसत होतं.

कौसल्या सोबत आली होती. तिनं शामलाचा पदर सारखा केला, कपाळावरचा घाम टिपला.

"मावशी, तुम्ही बाजूले व्हा, फोटोत येऊन राहिल्या," फोटोवाला म्हणाला. "काकू, काकांजवळ सरका थोडं."

कौसल्या लगबगीनं भिंतीकडे गेली आणि शामला सरकली. सरकताना तिला स्वतःचीच किळस आली.

बाहेर आल्यावर चंपतरावानं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "तब्येत कशी आहे वं तुही? बीपी, शुगर काही निघालं का?"

वीस वर्षांत त्यानं हे पहिल्यांदाच विचारलं होतं. शामलानं काही सांगायच्या आधी भोळी कौसल्याच पुढं झाली.

"दोन्ही आहे तिले," ती मोठ्या अभिमानानं म्हणाली. "पण मी एक गोळी चुकू देत नाही."