टेबलाखालची इस्क्रा

अंधांना वाट दाखवण्याच्या शिक्षणात इस्क्रा कुत्री हुशार होती. ट्राम आली की थांबे, मांजर दिसलं तरी मान वळवत नसे. पण फुटपाथवर कॉफीची टेबलं दिसली, की बाईसाहेब थेट टेबलाखाली शिरून आडव्या. मागे पट्टा धरून ल्येर्का ताटकळत उभी.

ल्येर्काला दिसत नव्हतं. तिशी उलटली तरी आईच हाताला धरून कामावर सोडायची. शुक्रवारच्या परीक्षेत इस्क्रा आडवी झाली, तर ल्येर्का पुन्हा कुत्र्यासाठीच्या प्रतीक्षायादीत. आणि झाग्रेबमध्ये कॉफीची टेबलं टाळायची, तर ट्रामच्या रुळांवरूनच चालावं लागलं असतं.

खोड कुणी लावली, ते प्रशिक्षक मिर्नाला ठाऊक होतं. ती तडक द्रागेत्सकडे गेली. या निवृत्त ट्रामचालकाने इस्क्राला पिल्लू असल्यापासून वर्षभर सांभाळलं होतं.

"काय लाडावून ठेवलीत हो तिला!"

"मी? टेबलाखाली गप पडायला शिकवा, असं तुम्हीच बजावलं होतंत."

"कॉफी होईपर्यंत, काका. रोज दोन-दोन तास नाही!"

"मग काय, उभ्याने ढोसायची?"

मिर्ना स्वतःही तशीच निवांत पीत असे.

मग सराव सुरू झाला. टेबलं ओलांडली की खाऊ, आडवी झाली की काही नाही. इस्क्रा सगळीकडे सुधारली. उरला फक्त द्रागेत्सचा नेहमीचा अड्डा, आणि तो नेमका ल्येर्काच्या कामाच्या वाटेवर. परीक्षाही तिथूनच होती.

"तुम्ही रोजच्यासारखे तिथे बसा," मिर्ना म्हणाली. "पण हाक नाही, चुटकी नाही. बघायचंसुद्धा नाही."

"नापास झाली तर?"

"तर घरी नेता का, म्हणून आधी तुम्हालाच विचारणार."

हे सांगायला नको होतं, असं तिला लगेच वाटलं. म्हातारा एकटाच राहत होता.

शुक्रवारी तो तोंडासमोर पेपर धरून बसला. मिर्ना शेजारच्या टेबलावर. ल्येर्काला घेऊन इस्क्रा आली, मागे परीक्षक. इस्क्रा थबकली. नाक द्रागेत्सच्या बुटाला लागलं, शेपूट हलायला लागलं. त्याने जिभेने नुसतं च्यक् केलं असतं, तरी कुत्री जन्माची त्याची झाली असती. मिर्नाला त्याचा रागही आला नसता. पण पेपर खाली आला नाही.

"चल, इस्क्रा," ल्येर्का म्हणाली.

इस्क्रा जरा घुटमळली आणि निघाली.

पेपरामागून आवाज आला, "आता बघू का?"

ल्येर्काचा लाल कोट कोपऱ्यावर वळत होता.

"बघा, काका," मिर्ना म्हणाली. "लवकर बघा."