परातीतलं पाणी

परातीतलं पाणी थरथरलं आणि दीडशे माणसांनी एकदम श्वास रोखला.

"आली!" स्थिरबाबा म्हणाले. डोळे मिटलेले, दोन्ही तळवे परातीशेजारी लोखंडी झाकणावर टेकलेले. "कूस बदलतेय ती. कुणी हलायचं नाही. मी धरलंय तिला. एकदा... दोनदा..."

पाण्यावर काठापासून मध्यापर्यंत बारीक वर्तुळं उमटत होती. परातीला कुणाचा हात लागलेला नाही, पायाखालची जमीनही हललेली नाही. बायकांनी पोरं पोटाशी धरली. बाबा 'दोनदा'वर येऊन थांबले ते चांगली वीस मिनिटं तिथेच. मग वर्तुळं विरायला लागली तसा त्यांचा आवाज चढला, "...आणि तीनदा! सोडली!" तळहात झाकणावर धाडकन आपटला. पाणी आरशासारखं शांत.

"सात बारा ते सात बत्तीस," घड्याळवाल्याने वहीत टिपलं. हा दुसऱ्या मजल्यावर राहून घड्याळं दुरुस्त करायचा आणि मिनिटाच्या बाबतीत आईचंही ऐकायचा नाही. आठला पाच कमी असताना एक बारीक धक्का आला, तंबूचे दोर हलले, आणि तो उभा राहून ओरडला, "तेवीस मिनिटं आधी! भूकंपाच्या मशिनलासुद्धा जमत नाही हे!"

लोक स्थिरबाबांच्या पायांकडे धावले.

आठवड्यापूर्वी याच पायांत रबरी स्लिपर होत्या आणि हे पाय लिलावाच्या हॉलमध्ये उभे असायचे. जुनी कपाटं, मोडके पंखे, टेबलं पुकारून विकणं हा बाबांचा धंदा. आवाज असा, की तीन पायांची खुर्ची चार पायांची वाटावी. आमच्याच इमारतीत तळमजल्याला एकटे राहायचे आणि कुणाशी पटायचं नाही. मग ते बाबा कसे झाले? सांगतो. सांगायला माझ्याइतका लायक माणूस दुसरा नाही, कारण त्यांना बाबा मी केलं.

माझी ख्याती आधी ऐकून घ्या. मी लोकांचे अर्ज-तक्रारी लिहून देतो आणि फावल्या वेळात थापा मारतो. कधी कधी दोन्ही एकाच कागदावर. माझी छत्री ढग दिसले की आपोआप उघडते, हे मी इमारतीतल्या तीन पिढ्यांना सांगितलंय. पोरं हसतात, मोठी माणसं "आजोबा, पुरे" म्हणतात. माझं कुणी खरं मानत नाही. निदान तोवर मानत नव्हतं.

भूकंप झाला त्या रात्री आधी आवाज आला. जमिनीखालून कुणीतरी भरलेलं कपाट फरफटत नेतंय असा. मग माझा पलंग माझ्यासकट भिंतीपासून हातभर पुढे सरकला. दिवे गेले, फडताळातली भांडी एकेक करून नव्हे, सगळी एकदम खाली. "दादा, ऊठ!" पलीकडच्या खोलीतून धाकटी ओरडली. धाकटी म्हणजे माझी बहीण. आम्ही दोघं म्हातारी तिसऱ्या मजल्यावर राहायचो. ती शिवणकाम करायची, मी तिच्या जिवावर बोलायचो. जीव जायची वेळ आणि मी चपला शोधत होतो. सापडल्या त्या दोन्ही डाव्या. तशाच घालून जिना उतरलो. भिंतीतून वाळू गळत होती आणि कुणाचं तरी पोर अंधारात मोठ्याने पाढे म्हणत होतं, भीतीने.

समोरच्या मोकळ्या जागेत पोचलो तर लिलाववाला आधीच तिथे उभा. बनियनवर, कोरडा ठाक, अंगावर धुळीचा कण नाही.

"हा आधीच कसा बाहेर?" कुणीतरी विचारलं.

पुढचा धक्का आला, बायका किंचाळल्या. सगळे अंधारात एकमेकांना घट्ट धरून बसलेले. अशा वेळी माझ्यासारख्या माणसाची जीभ गप्प बसते का? मी म्हणालो, "अरे, याला आधीच कळलं होतं! मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. जमिनीला कान लावून बसला होता. मग दारं ठोठावत फिरला. तुमचं नाही ठोठावलं?"

"ठोठावलं!" एक बाई म्हणाली. "मला वाटलं, वारा आहे."

"माझंही!" घड्याळवाला म्हणाला. "दोन वाजून सहा मिनिटांनी!"

मी चाटच पडलो. पोरांना गप्प करायला टाकलेली थाप, आणि तिला साक्षीदार मिळाले. लिलाववाल्याने अंधारातच माझ्याकडे एकदा पाहिलं. मालाला उठाव आहे हे त्या माणसाला कुणी सांगावं लागत नाही. सकाळी तो मोकळ्या जागेच्या कडेला, जमिनीतल्या पाण्याच्या टाकीच्या लोखंडी झाकणावर मांडी घालून बसला होता. समोर परात.

तिसऱ्या दिवशी वीज परतली आणि परातीतलं पाणी नाचायला लागलं.

लोकांनी बाबांना सर्वांत चांगली ताडपत्री दिली, बॅटऱ्या दिल्या, गाद्या दिल्या. बदल्यात बाबा झाकणाजवळची चिमूटभर माती द्यायचे. "घराच्या चार कोपऱ्यांत ठेवा. भिंत हलणार नाही. हलली तर माझ्याकडे या." म्हणजे उरलात तर.

त्या गर्दीत वेगळं बोलणारा एकच, गवंडी. त्याने पहिल्याच दिवशी इमारतीच्या तीन तड्यांवर काचेच्या अरुंद पट्ट्या आडव्या ठेवून दोन्ही टोकं सिमेंटने बसवली होती. "तडा वाढला की काच तडकते," तो म्हणाला. "काच शाबूत असली तरी मी आत झोपणार नाही. पण तडकली तर पाय ठेवू नका." पाचव्या दिवशी दोन काचा तडकल्या.

"काच भित्री असते," स्थिरबाबा म्हणाले. "माझ्या पाण्याला विचारा. ज्या संध्याकाळी पाणी हलणार नाही, त्या संध्याकाळी धरणी निजली समजा. मग खुशाल घरी जा."

"गवंड्याला काय, काम हवंय!" मागून कुणीतरी बोललं आणि सगळे हसले. मीही हसलो. गवंडी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "आजोबा, तुम्ही तरी सांगा ना. बाबाचं पहिलं पान तुम्हीच लिहिलंय."

"बघू," मी म्हणालो.

आठव्या दिवशी दुपारी मोकळ्या जागेत जळका, उग्र वास पसरला. "धरणीचा राग जळतोय," बाबांनी जाहीर केलं. संध्याकाळी लोकांनी नेहमीप्रमाणे बादल्या भरल्या आणि परातीभोवती जमले. सात वाजले. सात बारा झाले. पाणी हललं नाही. साडेसात. नाही. मी पुढेच होतो, बाबांचा चेहरा मला दिसत होता. घाबरलेला होता तो. वर्तुळं का येत नाहीत हे त्याला कळत नव्हतं, आणि दीडशे माणसांचे डोळे त्याच्यावर. मग त्याच्या आतला लिलाववाला जागा झाला.

"एकदा!" तो गरजला. "दोनदा! तीनदा! निजली! जा घरी!"

लोक रडत एकमेकांच्या गळ्यात पडले. गाद्या गुंडाळल्या जाऊ लागल्या. धाकटी माझ्यापाशी आली. आठ रात्री जमिनीवर झोपून तिचे गुडघे सुजले होते, आणि वर शाळेचे चाळीस गणवेश अर्धे शिवून पडले होते.

"दादा, जाऊ का रे वर?"

"तुझी मर्जी."

"मर्जी नको. त्या बाबाचं मला काही कळत नाही. पण तू पाहिलं होतंस ना? तो दारं ठोठावताना? आयुष्यात एकदा खरं सांग."

आजूबाजूला माणसं उभी होती. घड्याळवाला हसून माझ्याकडे बघत होता. एक वाक्य बोलायचं होतं. 'नाही गं, थाप मारली.' चार शब्द.

"पाहिलं ना," मी म्हणालो. "या डोळ्यांनी."

"मग चल."

"तू हो पुढे. माझं पांघरूण ओलं आहे, वाळलं की येतो."

पांघरूण कोरडं होतं. मी खालीच झोपलो.

सकाळी सातच्या सुमारास धक्का आला. पहिल्याच्या मानाने चिल्लर. परातीतलं पाणी जेमतेम सांडलं असतं. पण जिन्याचा तडा आठ दिवस रुंदावत होता. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्यामधला जिना पत्त्यांसारखा खाली बसला. घड्याळवाला दाराशी उभा होता, तो गेला. धाकटी जिना उतरत होती. तिला बाहेर काढलं तेव्हा हातात थर्मास तसाच होता. माझ्यासाठी चहा आणत होती.

डॉक्टरांनी तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

चार दिवसांनी पाणी ओढायची मोटार बघायला वायंडिंगवाली आली. जळलेल्या मोटारींना नवी तार गुंडाळणं हा तिचा धंदा. पंचेचाळिशीची बाई, बोटं तेलाने काळी. तिने टाकीशेजारच्या खड्ड्यातून मोटार वर काढली, हुंगली.

"कधी जळली?"

"कुणास ठाऊक," कुणीतरी म्हणालं.

"वास नाही आला? वरचा पाइप नंतरच्या एखाद्या धक्क्याने फुटलाय. गच्चीची टाकी भरेचना, मोटार थांबेचना. खालची टाकी कोरडी पडली तरी फिरत राहिली आणि जळली."

"वास आला होता," मी म्हणालो. "धरणीच्या रागाचा होता."

तिने मला खालून वर न्याहाळलं. "आजोबा, तारेवरच्या वार्निशचा होता."

तिने खड्ड्यात त्याच जागी दुसरी मोटार जोडून टाकीत टँकरचं पाणी सोडलं. परात अजून झाकणावरच होती आणि बाबा परातीमागे. जिना पडला तो 'अश्रद्धाळू लोक आत शिरल्यामुळे', हे त्यांचं नवं पुकारणं चालू होतं. वायंडिंगवालीने बटण दाबलं. पाणी थरथरलं.

"आली!" चार-पाच जण सवयीने ओरडले.

तिने बटण बंद केलं. पाणी थांबलं. पुन्हा दाबलं, थरथरलं. पुन्हा बंद.

"अजून किती वेळा करू?" ती म्हणाली. "एकदा, दोनदा, तीनदा झालं. झाकणाशेजारी खड्ड्यात मोटार घुमते, झाकण थरारतं, परात थरारते. तुम्ही सकाळ-संध्याकाळ बादल्या भरता, गच्चीची टाकी उतरते, मोटार आपोआप सुरू होते. बारा-बारा वर्षं ऐकून तुमच्या कानांना तिची घरघर ऐकूच येत नाही."

"पण नंतर धक्के यायचे!" एक बाई म्हणाली.

गवंडी पुढे झाला. "ताई, दिवसाला वीस-वीस येत होते. मोठ्या भूकंपामागून येतातच. मी शिंकलो असतो तरी पाठोपाठ एखादा आला असता. पाणी हललं नाही आणि धक्का आला, ते कुणी टिपलं?"

घड्याळवाल्याची वही त्याच्या बायकोच्या हातात होती. तिने उघडली, पानं उलटली, तशी एकही नोंद सापडली नाही, आणि मिटली.

"मला काय माहीत खाली मोटार आहे!" लिलाववाला ओरडला. "मीही फसलो!"

तेव्हा मी उठलो. चौकीदाराच्या खोलीतून इमारतीची तक्रारवही आणली आणि वाचलं. "'माझ्या भिंतीवरून जाणाऱ्या पाइपामुळे, मोटार सुरू होताच उशाशी ठेवलेल्या भांड्यातील पाणी नाचू लागते आणि धरणी कंप पावते की काय असे वाटते. झोप होत नाही.' तक्रार याची. सही याची. अक्षर माझं. 'धरणी कंप पावते' एवढं मी पदरचं घातलं."

मी वही परातीशेजारी ठेवली.

"आणखी ऐका. त्या रात्री हा दारं ठोठावत नव्हता. झोप येईना म्हणून मोटार बंद करायला बाहेर आला होता. महिन्यातून दहादा येतो. मला माहीत होतं. तुम्ही घाबरला होतात, म्हणून मी थाप मारली. नंतर तुम्ही इतकं मानलंत, की मला ती परत घेववली नाही."

लिलाववाल्यावर कुणी हात टाकला नाही. लोक माझ्याकडेच बघत होते. घड्याळवाल्याची बायको म्हणाली, "आजोबा, छत्रीची थाप आम्हाला कळत होती हो." एवढंच. एखादी सणसणीत शिवी मला परवडली असती.

तो माणूस संध्याकाळी ताडपत्री घेऊन निघून गेला. कुठे तरी दुसरीकडे बसला असेल, दुसऱ्या झाकणावर. म्हणून हे लिहितोय. कुणाच्या परातीतलं पाणी हललं तर परात उचला आणि खाली काय आहे ते बघा. पाणी हलायचं थांबलं तर निजलं कोण हे विचारू नका, बंद काय पडलं ते विचारा. खरी ठरलेली भाकितं लिहिता, तशी चुकलेलीही लिहा. घरात जायचं की नाही हे काचेच्या पट्टीला विचारा, गवंड्याला विचारा, इंजिनियरला विचारा. 'मी डोळ्यांनी पाहिलं' म्हणणाऱ्या म्हाताऱ्याला तर दोनदा विचारा, आणि तरीही विश्वास ठेवू नका.

धाकटी आता हाताने फिरवायच्या मशिनवर शिवते. मशिनजवळ तिच्या औषधाच्या पाण्याचा पेला असतो. परवा चाक फिरायला लागलं तसं पेल्यातलं पाणी थरथरलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

"दादा, का हललं रे?"

"मशिनमुळे."

"खरं?"

"खरं."

तिने चाकावरचा हात थांबवला आणि पाणी पूर्ण शांत होईपर्यंत पेल्याकडे बघत राहिली. मग मान हलवली आणि पुन्हा शिवायला लागली.